नवजात बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन: निदान कळल्यापासून घरी येईपर्यंत काय काय करायचं

मी लहान मुलांच्या हार्ट आयसीयूमध्ये सिस्टर आहे, बरीच वर्षं झाली. हे सगळं त्या आईबाबांसाठी लिहितेय ज्यांना आज-काल कळलंय की बाळाच्या हृदयात जन्मजात दोष आहे, आणि त्यांच्यासोबत धावपळ करणाऱ्या मामा-आत्या-आजोबांसाठीपण, कारण आई बऱ्याचदा सिझेरियनचे टाके घेऊन गावाकडच्याच हॉस्पिटलात असते आणि कागदपत्रं घेऊन पळणारं माणूस दुसरंच असतं.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. बहुतेक दोषांत ऑपरेशन आज रात्रीच करावं लागत नाही. आज रात्री करायचं ते हे, की बाळाला स्थिर ठेवायचं आणि अशा बाळांची ऑपरेशन्स जिथे कायम होतात तिथे त्याला नीट पोचवायचं. घाईघाईत कुठेही नेऊन ॲडमिट केलेलं आणि मग तिथून परत हलवावं लागलेलं बाळ जास्त थकलेलं येतं, हे मी डोळ्यांनी बघते.

आणि आईला कुणी काही बोलत असेल तर ते आत्ताच थांबवा. ग्रहणात बाहेर गेली, पपई खाल्ली, जिने चढली, याचा काही एक संबंध नाही. हृदय तयार होतं गरोदरपणाच्या पहिल्या आठेक आठवड्यांत, तेव्हा कितीतरी जणींना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. साधारण शंभर बाळांमागे एकाला काही ना काही हृदयदोष असतो आणि बहुतेक वेळा नेमकं कारण सापडत नाही.

पहिलं काम: दोषाचं नेमकं नाव कागदावर लिहून घ्या

"हार्टला होल आहे" एवढ्यावर घरी फोन करू नका. इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर जे नाव आहे ते डॉक्टरांकडून मराठीत समजून घ्या, रिपोर्टचा फोटो काढून ठेवा. कारण नावावर सगळं अवलंबून असतं, कधी करायचं, कुठे करायचं, किती ऑपरेशन्स लागतील.

एक गोष्ट समजली की बाकीचं सोपं जातं. पोटात असताना बाळाची फुफ्फुसं काम करत नसतात, त्यामुळे फुफ्फुसाकडे जाणारं बरंचसं रक्त डक्टस नावाच्या एका छोट्या रक्तवाहिनीतून परस्पर महाधमनीत वळवलेलं असतं. जन्मल्यावर एक-दोन-तीन दिवसांत ही वाहिनी आपोआप बंद व्हायला लागते, ते नॉर्मलच आहे. पण काही दोषांत बाळ त्या वाहिनीवरच जगत असतं. म्हणून तर होतं असं की काल बाळ छान दूध पीत होतं आणि आज अचानक निळं पडलं, नाहीतर एकदम फिकट, थंडगार, सुस्त झालं. कुणी काही चुकवलेलं नसतं, ती वाहिनी बंद होत आलेली असते.

अशा घाईच्या दोषांत एक आहे टीजीए, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची जागा उलटसुलट झालेली असते, शुद्ध रक्त परत फुफ्फुसातच फिरतं आणि अशुद्ध रक्त अंगभर. मग कोआर्क्टेशन, त्यात महाधमनी एका जागी अरुंद असते आणि पायाची नाडी लागत नाही. पल्मनरी अट्रेशिया, फुफ्फुसाकडचा रस्ताच बंद. टीएपीव्हीसी, फुफ्फुसातून येणाऱ्या शिरा भलत्याच जागी जोडलेल्या, आणि त्यात जर अडथळा असेल तर मात्र ते खरंच काही तासांतलं काम असतं, तिथे थांबायचं नसतं. आणि डावा कप्पा फारच लहान राहिलेला असेल तर तीन टप्प्यांत ऑपरेशन्स करावी लागतात, तो रस्ता लांबचा आणि कठीण आहे, डॉक्टरांशी शांतपणे बसून मोकळं बोलल्याशिवाय ठरवू नका.

याउलट व्हीएसडी, एएसडी, म्हणजे पडद्यातलं भोक. यात नवजात बाळाला सहसा लगेच काही करत नाहीत. लहान भोकं बऱ्याचदा आपोआप बंद होतात, मोठं असेल तर औषधं देऊन वजन वाढवून काही महिन्यांनी ऑपरेशन करतात. त्यामुळे व्हीएसडीचं नाव ऐकून रातोरात मुंबई गाठायची गरज बहुतेकांना नसते, पण मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांना एकदा दाखवायचंच.

ज्यांचं बाळ अजून नॉर्मल वॉर्डात आहे त्यांच्यासाठी: जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून बघतात. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, कुठल्याही एका जागी ९५ किंवा वर असावा आणि दोन्हीत ३ पेक्षा जास्त फरक नसावा. कुठेही ९० च्या खाली आलं तर लगेच पुढची तपासणी. पाच मिनिटांचं, न दुखणारं काम आहे, डिस्चार्जच्या आधी "हे केलंत का" असं हक्काने विचारा.

हलवायच्या आधी

त्या डक्टसला उघडं ठेवणारं औषध असतं, प्रोस्टाग्लँडिन. सिरींज पंपातून थेंबाथेंबाने सतत चालू ठेवतात. टीजीए, कोआर्क्टेशन, पल्मनरी अट्रेशिया अशा दोषांत हे औषधच आपल्याला वेळ मिळवून देतं. फ्रीजमध्ये ठेवावं लागतं आणि प्रत्येक लहान हॉस्पिटलात असतंच असं नाही, म्हणून पाठवणाऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा, सुरू केलंय का, नसेल तर जवळपास कुठे मिळेल, आणि ते पुढच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांशी फोनवर बोललेत का. हा एक फोन फार मोलाचा. त्यांनी आपसात बोलून डोस ठरवला, बेड पक्का केला, की मगच गाडी काढायची.

गाडीत काय बघायचं ते पण सांगते, कारण नातेवाइकांपैकी एकजण सोबत असतोच. या औषधाने काही बाळं मध्येच श्वास घ्यायचं विसरतात, म्हणून सोबत नवजात बाळाला श्वासाची नळी घालू शकणारी टीम हवी, नुसता ड्रायव्हर आणि ऑक्सिजनचा सिलिंडर नाही चालत. पंपाची बॅटरी चार्ज आहे ना, बाळाला सलाईनसाठी दुसरी एक शीर लावून ठेवलीय ना (एक निघाली तर औषध थांबायला नको), बाळ गरम आहे ना, साखर तपासलीय ना. डोक्याला टोपी, पायात मोजे. थंड पडलेलं बाळ फार पटकन बिघडतं. ऑक्सिजन किती द्यायचा हे डॉक्टर ठरवतात, काही दोषांत ८० च्या आसपासचं सॅच्युरेशन चालवून घेतात आणि जास्त ऑक्सिजन उलट नुकसान करतो, त्यामुळे मीटरवर ८२ बघून नळ वाढवायला सांगू नका.

कुठे न्यायचं आणि पैसे

मोठ्यांची बायपास होते तिथे नवजात बाळाचं ऑपरेशन होतंच असं नाही. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून साधारण अडीचशे मिली रक्त असतं, सर्जन, भूल देणारे, बायपास मशीन (ऑपरेशनभर हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र) चालवणारे, आयसीयूतल्या सिस्टर्स, सगळ्यांचा हात त्या आकारावर बसलेला लागतो. म्हणून विचारायचं ते असं: तुमच्याकडे महिनाभराच्या आतल्या बाळांची ऑपरेशन्स नेहमी होतात का, याच दोषाची वर्षाला किती होतात, निकाल कसे आहेत, रात्री मुलांच्या आयसीयूत डॉक्टर कोण असतात. चांगले डॉक्टर या प्रश्नांना रागवत नाहीत.

मुंबईत परळचं वाडिया, केईएम, हाजीअलीचं एसआरसीसी अशी नावं तुम्हाला ऐकायला येतील, खारघरला सत्य साई संजीवनीमध्ये मुलांच्या हृदयाची ऑपरेशन्स मोफत होतात. पुण्या-नागपुरातही सोय आहे. पण कुठेही निघायच्या आधी फोन करून त्या क्षणी नवजात बाळासाठी बेड आहे का ते विचारा, दारात जाऊन परत फिरणं त्या बाळाला परवडत नाही.

पैशांचं: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात, ॲडमिशन झाल्या झाल्या त्यांनाच गाठा. रेशनकार्ड, आईवडिलांचं आधार, बाळाचा जन्मदाखला किंवा हॉस्पिटलचं जन्माचं पत्र, आणि बाळासोबत आई किंवा वडिलांचा फोटो जवळ ठेवा, कारण बाळाचं नाव अर्थातच रेशनकार्डावर अजून चढलेलं नसतं. हेल्पलाइन १५५३८८. दुसरा रस्ता राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा, २०१३ पासून चालू आहे, जन्मजात हृदयदोष त्यात येतो, जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जाऊन नाव नोंदवा. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो गावाकडच्या माणसाला लगेच काढायला लावा. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातल्या ताई-दादांना भेटा, ट्रस्टांच्या मदतीची वाट त्यांना माहिती असते. आणि कुणाच्या ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर होतं का ते एचआरला आजच मेल करून विचारा.

दागिने मोडायच्या आधी या सगळ्या खिडक्या बघा, मनापासून सांगते. आम्ही बघतो ना, लोक आधी विकून येतात आणि नंतर कळतं योजनेत बसत होतं.

ऑपरेशनच्या आधीचे दिवस

टीजीएच्या बाळाला कधीकधी आधी बलून करावं लागतं. नाळेच्या किंवा जांघेच्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेतात, टोकाला छोटा फुगा असतो, तो फुगवून वरच्या दोन कप्प्यांतल्या पडद्यात झटक्याने वाट मोठी करतात म्हणजे शुद्ध-अशुद्ध रक्त मिसळायला लागतं. १९६६ मध्ये फिलाडेल्फियात राशकिंड नावाच्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा केलं, आज इको मशीन लावून बाळाच्या बेडवरसुद्धा होतं. हे झालं म्हणजे मुख्य ऑपरेशन झालं असं समजू नका, त्याने फक्त बाळाचं सॅच्युरेशन सुधारतं.

टीजीएचं मुख्य ऑपरेशन म्हणजे आर्टेरियल स्विच. ते साधारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करतात, कारण डाव्या कप्प्याला जास्त दिवस फुफ्फुसाकडचं हलकं काम करायची सवय लागली तर नंतर त्याला अख्ख्या शरीराचा दाब पेलवत नाही. म्हणजे इथे "बाळ जरा मोठं होऊ दे, वजन वाढू दे, मग बघू" हा घरच्यांचा सल्ला चुकीचा ठरतो, कितीही मायेने दिलेला असला तरी.

या दिवसांत आईचं काम एकच, दूध काढणं. बाळ तोंडाने पीत नसलं तरी. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दिवसातून आठेक वेळा. पहिलं चिकाचं पिवळं दूध चमचाभरच येतं, ते फेकू नका, एक-एक थेंब आम्ही सिरींजमध्ये ओढून ठेवतो आणि डॉक्टर हो म्हणाले तर बाळाच्या गालाच्या आत लावतो. उकळलेल्या पाण्याने स्वच्छ केलेली झाकणाची वाटी किंवा बाटली, वर तारीख-वेळ-बाळाचं नाव, बाहेर चार तास टिकतं, फ्रीजमध्ये चार दिवस. आई गावाला आणि बाळ मुंबईत असेल तर बर्फाच्या डब्यातून दूध येतं आमच्याकडे, लोक एसटीने घेऊन येतात, काही लाजायचं नाही.

रक्तदाते दोन-तीन तयार ठेवा, ब्लड बँक सांगेल त्याप्रमाणे. सर्दी-खोकला असलेलं कुणीही बाळाजवळ जायचं नाही, आजी असली तरी. आणि संमतीच्या कागदावर सही करायच्या आधी सर्जनना चित्र काढून दाखवायला सांगा, बहुतेक जण मागच्या कोऱ्या पानावर पेनाने हृदय काढून दाखवतात, ते पान जपून ठेवा.

ऑपरेशनचा दिवस

बाळाला आत नेताना हातात घ्यायला मिळालं तर घ्या, काळा दोरा-ताईत काढून तुमच्याजवळ ठेवा. त्यानंतर तास जातात. आधी भूल, मग शिरांमध्ये आणि धमनीत नळ्या, त्यालाच एक-दीड तास लागतो, मग छाती मधोमध उघडतात, रक्त गोठू नये म्हणून औषध देतात आणि बाळाचं रक्त बायपास मशीनमधून फिरवतात. शरीर थंड करतात, हृदय औषधाने थांबवतात.

स्विचमध्ये दोन्ही मोठ्या वाहिन्या कापून अदलाबदल करून जोडतात, पण खरा जीव अडकतो तो कोरोनरीत. हृदयाला स्वतःला रक्त देणाऱ्या त्या दोन बारीक वाहिन्या, नवजात बाळात एक-दोन मिलिमीटरच्या, त्यांच्या मुळाशी बटणाएवढा तुकडा ठेवून त्या कापायच्या आणि नव्या महाधमनीवर पीळ न पडता, ताण न येता शिवायच्या. भिंगाचा चष्मा लावून, केसापेक्षा बारीक धाग्याने. ब्राझीलमधल्या साओ पाउलोत १९७५ मध्ये अदिब जातेने यांनी हे पहिल्यांदा यशस्वी करून दाखवलं. आज चांगल्या सेंटरमध्ये बहुतेक बाळं यातून नीट बाहेर येतात.

पाच-सहा तास लागले, जास्त लागले, तरी उशीर म्हणजे वाईट बातमी असं नसतं. मशीनवरून उतरवल्यावर रक्तस्राव थांबायची वाट बघण्यात पण वेळ जातो. एकाच नातेवाइकाचा फोन नंबर द्या आणि त्या माणसाने फोन चार्ज ठेवावा. बाकीच्यांनी खाऊन घ्या.

आयसीयूत पहिल्यांदा बघताना

इथे जरा थांबून वाचा, कारण दारातून आत आल्यावर भल्याभल्यांचे पाय गळतात आणि आधी माहिती असलं की थोडं सोसतं.

बाळ सुजलेलं असेल. पापण्या, हात, सगळंच. बायपासमुळे अंगात पाणी साठतं, काही दिवसांत लघवीवाटे जातं. तोंडात किंवा नाकात व्हेंटिलेटरची नळी, म्हणून रडण्याचा आवाज येणार नाही. नाकातून पोटात एक नळी. मानेत किंवा जांघेत औषधांची शीर, मनगटात ब्लडप्रेशर सतत दाखवणारी बारीक नळी. छातीच्या खालून एक-दोन ड्रेन, म्हणजे आतलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या, त्यात लालसर पाणी दिसेल, ते हळूहळू फिकं व्हायला हवं, आम्ही तासातासाला मोजतो. पोटावर चिकटवलेल्या दोन निळ्या-पांढऱ्या तारा पेसमेकरच्या, हृदयाचे ठोके मंदावले तर कामी येतात, नंतर सहज ओढून काढतात. काही बाळांच्या पोटात डायलिसिसची नळी असते, किडनी कायमची गेली असा त्याचा अर्थ नाही, पाणी काढायला मदत असते ती.

आणि छाती उघडी असू शकते. नवजात बाळांत हे मुद्दाम करतात. सुजलेल्या हृदयाला जागा मिळावी म्हणून हाड न शिवता वर पातळ पॅच लावून झाकतात आणि एक ते तीन दिवसांनी, सूज उतरली की, बंद करतात. सांगितलेलं नसलं की लोकांना वाटतं काहीतरी भयंकर झालं.

शेजारी पाच-सात सिरींज पंप एकावर एक लावलेले असतात, हृदयाला जोर देणारी, झोपेची, दुखण्याची औषधं. मॉनिटर सारखा वाजतो, प्रत्येक आवाज धोक्याचा नसतो, तुम्ही स्क्रीनकडे नाही, बाळाकडे बघा. हात धुवा, सॅनिटायझर लावा, आणि आम्हाला विचारून तळपायावर किंवा डोक्यावर नुसता तळहात ठेवा. चोळायचं नाही, थोपटायचं नाही, फक्त ठेवायचा. हळू आवाजात बोला. झोपेच्या औषधात असलेलं बाळसुद्धा ओळखीच्या आवाजाला शांत होताना मी बघते.

पहिले २४ ते ४८ तास वरखाली होतातच, आधी थोडं बिघडून मग सुधारणं नेहमीचं आहे. रोज डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: काल आणि आजमध्ये काय फरक, कुठलं औषध किंवा नळी कमी झाली, पुढचं पाऊल काय. गूगलवर रक्ताच्या रिपोर्टमधला लॅक्टेटचा आकडा टाकून रात्रभर जागू नका.

व्हेंटिलेटर काही दिवसांत निघतो. मग आधी नळीने दूध, दर तीन तासांनी अगदी थोडं, मग चमचा-वाटी किंवा छातीशी. हा टप्पा लोकांना वाटतो तितका पटकन होत नाही, कारण ओढायला बाळाला दम लागतो, काहींचा आवाज बसलेला असतो, काही उलटी करतात. कधी ड्रेनचं पाणी दुधासारखं पांढरं होतं, तेव्हा काही आठवडे वेगळं, खास फॅटचं दूध द्यावं लागतं, त्या काळात आईने दूध काढणं चालूच ठेवायचं. कांगारू केअर (बाळाला उघड्या छातीशी, अंगाला अंग लावून धरणं) कधी सुरू करायची ते विचारा, टाके असले तरी बऱ्याच बाळांना ती देता येते.

घरी जाताना आणि घरी

औषधं तुम्ही आमच्यासमोर स्वतः सिरींजमध्ये भरून दाखवल्याशिवाय निघू नका. मिलीग्रॅम नाही, मिली लिहून घ्या, सिरींजवर त्या रेघेला चिकटपट्टी लावा. काही गोळ्या पाण्यात विरघळवून त्यातलं ठरावीक पाणी द्यायचं असतं, तिथे गोंधळ होतो. उलटी झाली तर दुसरा डोस मनाने द्यायचा नाही, फोन करायचा. कुठलंच औषध संपलं म्हणून बंद करायचं नाही, गावात मिळत नसेल तर महिनाभराचं सोबत घ्या.

उचलताना काखेत हात घालून उचलायचं नाही, साधारण सहा आठवडे. एक हात मानेखाली, एक कुल्ल्याखाली, असं ओंजळीत घेतल्यासारखं. पालथं झोपवायचं नाही. जखम सुकेपर्यंत ओल्या फडक्याने अंग पुसा. बाळंतिणीच्या खोलीतलं नेहमीचं सगळं इथे बाजूला: तेल-मालिश करणाऱ्या बाईंना डॉक्टर सांगेपर्यंत सुट्टी, धुरी नको, गुटी नको, मध नको. बारसं करायचंय तर घरातल्या घरात करा, पन्नास लोकांच्या हातातून बाळ फिरायला नको. लसी द्यायच्याच आहेत, फक्त तारखा मागेपुढे होतात, रक्त दिलेलं असल्यामुळे काही लसी लांबवतात, म्हणून लसीचं कार्ड आणि डिस्चार्ज कार्ड दोन्ही घेऊन जा.

आठवड्यातून एकदा एकाच काट्यावर वजन करा. दिवसाला वीस-तीस ग्रॅम वाढ छान. आणि पुढचं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका: दूध पिताना कपाळाला घाम, श्वास जोरात आणि फासळ्या आत ओढल्या जाणं, ओठ-जीभ निळी, लघवी कमी, ताप, जखमेतून पाणी किंवा पू, हाड हलल्यासारखं वाटणं, बाळ उठतच नाही इतकं सुस्त. सरळ १०८ लावा, आणि पोचल्यावर पहिलं वाक्य "याचं हृदयाचं ऑपरेशन झालंय".

एक फाईल करा. इकोचे सगळे रिपोर्ट, ऑपरेशनची नोट (ही मागून घ्या, डिस्चार्ज कार्डापेक्षा वेगळी असते), औषधांची यादी, आणि सगळ्याचे फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये. फॉलो-अप चुकवू नका, बाळ गुटगुटीत झालं तरी. स्विच झालेल्या मुलांत फुफ्फुसाकडच्या वाहिन्या अरुंद होतात का, कोरोनरी नीट आहेत का, हे मोठेपणीपर्यंत बघत राहावं लागतं. मान धरणं, बसणं, बोलणं वेळेवर होतंय का तेही दाखवत राहा, थोडा उशीर असेल तर फिजिओथेरपी लवकर सुरू केलेली बरी. दात आले की रोज घासा, दातांच्या डॉक्टरांना ऑपरेशनबद्दल आधी सांगा, कारण हिरड्यातले जंतू हृदयापर्यंत जाऊ शकतात आणि काही मुलांना दाताच्या कामाआधी अँटिबायोटिक लागतं.

आणि पुढे कधी दुसऱ्या बाळाचा विचार केलात तर धोका थोडासाच वाढलेला असतो, घाबरून थांबायचं कारण नाही, फक्त अठरा ते बावीस आठवड्यांत फीटल इको (पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या आणि पहिल्या बाळाची ही फाईल त्या दिवशी सोबत न्या. दोष दिसलाच तर बाळंतपण थेट हार्टची सोय असलेल्या हॉस्पिटलात ठरवता येतं, म्हणजे बाळाला जन्मल्यावर गाडीत घालून पळवावं लागत नाही.